एका गावातले चार उकंडा : नाव, वावर आणि नोंदी यांचे एक प्रकरण

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातील एका लहान गावातले असून त्याचा मुख्य काळ मार्च २०२० ते २०२१ हा आहे. गावाचे नाव, कुटुंबांचे आडनाव, बँक आणि कार्यालये यांचा उल्लेख जाणीवपूर्वक टाळला आहे. आजोबांची नावे आणि ओळख पटवू शकतील असे इतर तपशील बदलले आहेत. ‘उकंडा’ हे नाव मात्र बदललेले नाही, कारण तेच या प्रकरणाचे मूळ आहे आणि ते झाकले तर सांगण्यासारखे फारसे काही उरणार नाही. मी या गावच्या जिल्हा परिषद शाळेत दीर्घकाळ शिक्षक होतो, निवृत्तीनंतरही येथेच राहतो. प्रकरणात माझा सहभाग मदतनीस म्हणून होता आणि एका चुकीचा कर्ता म्हणूनही होता. दोन्ही गोष्टी पुढे आल्या आहेत.

पार्श्वभूमी

आमच्या भागातील बोलीत उकिरड्याला ‘उकंडा’ म्हणतात. ज्या घरात मुले जन्मून दगावत, त्या घरी पुढचे मूल झाले की त्याला सुपात घालून क्षणभर उकंड्यावर ठेवायचे, शेजारच्या एखाद्या बाईने ते उचलायचे आणि आईने मूठपसा धान्य देऊन ते तिच्याकडून ‘विकत’ घ्यायचे, अशी रीत होती. जे टाकून दिले आहे त्यावर मृत्यूची नजर पडत नाही, ही त्यामागची समजूत. असे मूल जगले तर मुलगा असल्यास उकंडा आणि मुलगी असल्यास उकंडी हे नाव त्याला कायमचे चिकटे. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिका ही नावे महाराष्ट्रात इतरत्र याच भीतीतून आली. तेलुगू मुलखात पेंटय्या, कन्नडमध्ये तिप्पण्णा, तमिळमध्ये कुप्पुस्वामी आणि हिंदी पट्ट्यात घुरेलाल ही नावेही उकिरड्याच्या त्या त्या भाषेतील शब्दांपासूनच झालेली आहेत. १९५१ च्या सुमारास देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १४६ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हे प्रमाण २८ वर आले. आमच्या भागात ही नावे ठेवणे का थांबले, हे या दोन आकड्यांवरून कळते. ज्यांना हे नाव ऐकून हसू येते त्यांनी ते आधी त्या आईच्या बाजूने ऐकावे, असे मला वाटते.

गावात उकंडा हे नाव माणसांपुरते नव्हते. पूर्वी वस्तीच्या उत्तरेला शेणखताचे ढीग असत. खतकुड्यांसाठी, गुरांच्या चराईसाठी, खळ्यांसाठी राखलेल्या जागांची नोंद आमच्याकडे निस्तार पत्रकात होते आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ मध्ये त्याची तरतूद आहे. या ढिगांच्या पलीकडचे, वर्षानुवर्षे खताचा निचरा पिऊन काळेभोर झालेले शेत गावात ‘उकंड्याचे वावर’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या कडेने जाणारी गाडीवाट ती ‘उकंड्याची पांदण’. या वावराचा उकंडा नावाच्या कोणत्याही माणसाशी कधी संबंध नव्हता. प्रकरण घडले तेव्हा ते एका वेगळ्याच आडनावाच्या विधवा शेतकरी ताईंच्या मालकीचे होते.

माणसे चार होती आणि चौघेही एकाच भावकीतले, म्हणजे आडनावही एकच. त्यांपैकी दोघांच्या वडिलांचे नाव महादेव होते. एकाचे घर चावडीजवळ आणि दुसऱ्याचे नाल्याकडच्या वेटाळात, म्हणून गाव त्यांना चावडीचे उकंडाजी आणि नाल्याचे उकंडाजी म्हणत असे. मीही तसेच म्हणेन. तिसरे उकंडा २००६ मध्ये वारले, पण वारसांचा फेरफार न झाल्याने सातबाऱ्यावर त्यांचे नाव जिवंत होते. चौथ्या उकंडीबाई, ज्यांचे नाव बँकेच्या पुस्तकात ‘उकंडा बाई’ असे दोन तुकड्यांत छापले गेले होते.

गावात कोणाचाही कधी घोटाळा झाला नव्हता. लग्नाची अक्षत, दुकानातली उधारी, दळणाचा डबा, सगळे बरोबर त्या त्या घरी पोहोचत असे. ‘उकंडा महादेव’ एवढेच लिहिणारा कागद जेव्हा गावाबाहेरच्या माणसाच्या हाती गेला, तेव्हा गुंता सुरू झाला.

प्रश्न कसा उघडकीस आला

महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज त्यात माफ व्हायचे होते. फेब्रुवारी २०२० पासून याद्या लागू लागल्या. यादीतल्या प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक असे. शेतकऱ्याने तो क्रमांक घेऊन बँकेत किंवा सेवा केंद्रात जायचे, पडद्यावर दाखवलेली कर्जाची रक्कम मान्य आहे की नाही हे सांगायचे आणि आधारचा अंगठा लावायचा. रक्कम अमान्य असेल तर तक्रार जिल्हास्तरीय समितीकडे जात असे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चावडीच्या उकंडाजींना निरोप आला की त्यांचे नाव यादीत आहे. केंद्रावर रक्कम वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले की आपल्यावर कर्जच नाही. केंद्रचालकाने त्यांना सांगितले, कर्ज माफच होणार आहे, अंगठा लावायला काय हरकत आहे? ते अंगठा न लावता उठले आणि सरळ माझ्या घरी आले. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय माझ्या मते हाच होता आणि तो चौथीपर्यंत शिकलेल्या, सत्तरीला पोहोचलेल्या माणसाने एकट्याने, कोणाचाही सल्ला न घेता घेतला. ते मला एवढेच म्हणाले, “गुरुजी, जे मी घेतलंच नाही, ते माफ कसं करून घेऊ?”

दोन दिवसांत उलगडा झाला. कर्ज नाल्याच्या उकंडाजींचे होते. खातेही त्यांचेच होते. फक्त त्या खात्याला जोडलेला आधार क्रमांक चावडीच्या उकंडाजींचा होता. काही वर्षांपूर्वी बँकेने आधारच्या झेरॉक्स मागितल्या, तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांच्या झेरॉक्स एकाच फाइलमध्ये होत्या आणि त्यातली ‘उकंडा महादेव’ नावाची पहिली हाती लागली ती लावली गेली, असे दिसते. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, सारे जुळत होते. जन्मतारीखही जुळत होती. दोघांनाही आपली तारीख ठाऊक नव्हती, दोघांनी आधार काढताना अंदाजे वय सांगितले आणि दोघांच्याही कार्डावर एकाच वर्षाची १ जानेवारी आली. खरे म्हणजे चावडीचे उकंडाजी तीन वर्षांनी मोठे आहेत.

मी दोघांचीही पासबुके मागून घेतली. तेव्हा दुसरा घोटाळा दिसला. पीएम किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. चावडीच्या उकंडाजींच्या खात्यात प्रत्येक वेळी २,००० रुपयांच्या दोन नोंदी होत्या. आपली जमीन दोन तुकड्यांत आहे म्हणून दोनदा पैसे येत असावेत, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. प्रत्यक्षात नाल्याच्या उकंडाजींच्या अर्जात आधार त्यांचे स्वतःचे, पण खाते क्रमांक चावडीच्या उकंडाजींचा लागला होता. म्हणजे कर्जात खाते बरोबर आणि आधार चुकीचा, तर इथे आधार बरोबर आणि खाते चुकीचे. दोन्हीकडे नावे जुळत असल्याने कोणत्याही यंत्राने हरकत घेतली नव्हती. एप्रिल २०२० चा हप्ता धरून पाच हप्ते, म्हणजे १०,००० रुपये असे चुकीच्या घरी गेले.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड निघाली. ऑक्टोबर २०१९ च्या अवकाळी पावसाने आमच्याकडे सोयाबीनच्या गंजी जागेवर सडल्या आणि फुटलेला कापूस बोंडातच काळा पडला. त्या नुकसानीला खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये मदत, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाली होती. पंचनाम्याला आलेले कर्मचारी दुसऱ्या तालुक्यातून आणलेले होते. गावकऱ्यांनी बोट दाखवून सांगितले, “हे उकंड्याचं वावर.” त्यांनी कागदावर शेतकऱ्याचे नाव उकंडा असे लिहिले, क्षेत्र १.२० हेक्टर, आणि पुढे यादी करताना कोणीतरी त्यापुढे वडिलांचे नाव व खाते क्रमांक भरला. ९,६०० रुपये नाल्याच्या उकंडाजींच्या खात्यात जमा झाले. ज्या ताईंचे ते वावर, त्यांना काहीच मिळाले नाही आणि आपले नाव यादीत का नाही हे विचारायला त्या दोनदा तालुक्याला जाऊन परत आल्या होत्या. नाल्याच्या उकंडाजींनी ते पैसे तोवर कापसाच्या वेचणीच्या मजुरीत खर्च केले होते. ज्याच्यावर अन्याय झाला असे आम्ही समजत होतो, त्याच्याच हाती दुसऱ्याचे पैसे होते.

याखेरीज गावाच्या नावाचीही एक अडचण होती. नाल्याच्या उकंडाजींची जमीन लगतच्या रिठात आहे. रिठ म्हणजे वस्ती उठून गेलेले, पण महसुली दप्तरी स्वतंत्र असलेले गाव. याच नावाचे दुसरे, वस्ती असलेले गाव आमच्याच तालुक्यात आहे. विदर्भात हे नवे नाही. तळेगाव दशासर, तळेगाव ठाकूर आणि तळेगाव श्यामजीपंत ही तीन तळेगावे एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण त्यांना निदान जोडनावे आहेत. आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे, गडचिरोलीत आहे आणि बीडमध्येही आहे. आमच्या रिठाला जोडनाव नव्हते. संगणकावर सातबारा काढताना एकाच नावाची दोन गावे समोर येत आणि निम्म्या वेळा दुसऱ्याच गावातल्या गटाचा उतारा छापून निघे.

कोणते पर्याय समोर होते

टाळेबंदी लागली आणि अंगठा लावण्याचे काम आमच्याकडे थांबले. त्यामुळे विचाराला वेळ मिळाला, जो एरवी कधीच मिळत नाही. माझ्या ओसरीवर अंतर ठेवून आम्ही अनेकदा बसलो. दोन्ही उकंडाजी, दोघांची मुले, ग्रामपंचायतीचे एक सदस्य आणि मी.

पहिला पर्याय केंद्रचालकाने सुचवलेलाच होता. चावडीच्या उकंडाजींनी अंगठा लावायचा, सरकारचे पैसे कर्जखात्यात जातील, आणि ते खाते नाल्याच्या उकंडाजींचेच असल्याने ज्याचे कर्ज त्याचेच फिटेल. हा मार्ग सोपा होता आणि नाल्याच्या उकंडाजींच्या मुलाचा त्याला जोरदार आग्रह होता. त्याची घाई मी समजू शकत होतो, कारण थकीत खात्यावर नवे पीककर्ज मिळत नाही आणि पेरणी तोंडावर आली होती. पण अंगठा लावणे म्हणजे हे कर्ज माझे आहे असे सरकारपुढे सांगणे होते. ती खोटी साक्ष तर झालीच असती, शिवाय दोन माणसे कागदावर कायमची एक झाली असती. पुढे एकाच्या थकबाकीसाठी दुसऱ्याला नोटीस आली असती, तर ‘तुम्हीच अंगठा लावला होता’ यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा पर्याय नाव बदलण्याचा. चावडीच्या उकंडाजींचा मोठा मुलगा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. राजपत्रात जाहिरात देऊन वडिलांचे नाव ‘उत्तम’ करावे, म्हणजे गोंधळही संपेल आणि मुलांना शाळेत आजोबांचे नाव सांगताना खाली पाहावे लागणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. तो हे चिडून नाही, खूप कळवळून बोलला. त्याच्या लहानपणी शाळेत त्याला या नावावरून चिडवले जात असे आणि मी तेव्हा तिथेच होतो. उकंडाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माह्या अगोदर मायचे तीन लेकरं गेले होते. तिनं मले उकंड्यावर ठेवलं, म्हून मी जगलो. आता कागदासाठी तिनं ठेवलेलं नाव टाकून देऊ काय?” मुलाने तो विषय पुन्हा काढला नाही.

व्यवहाराच्या बाजूनेही तो पर्याय लंगडाच होता. सत्तराव्या वर्षी नाव बदलले, तर सातबारा, आठ अ, बँक, रेशनकार्ड, मतदारयादी, मुलांचे दाखले या प्रत्येक ठिकाणी जुने नाव आणि नवे नाव जोडत बसावे लागले असते, आणि प्रत्येक जोडणीत ‘जुना उकंडा महादेव म्हणजे कोणता’ हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता.

तिसरा पर्याय तालुक्यातल्या एका अर्जनविसाने सांगितला. ‘उकंडा, उकंडराव, उकर्डा ही एकाच व्यक्तीची नावे आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून सगळीकडे लावायचे. अशी प्रतिज्ञापत्रे आमच्याकडे सर्रास होतात आणि नाव एकमेव असेल तर ती उपयोगीही पडतात. मला मात्र यात मोठा धोका दिसला. ज्या गावात त्याच नावाचा दुसरा माणूस आहे, तिथे असे प्रतिज्ञापत्र दोन माणसांमधली उरलीसुरली खूणही पुसून टाकते. नाल्याच्या उकंडाजींच्या कागदांवर काही ठिकाणी ‘उकंडराव’ होते आणि चावडीच्या उकंडाजींच्या मुलांच्या दाखल्यांवरही ‘उकंडराव’ होते. हे दुसरे ‘उकंडराव’ माझ्याच हातचे होते.

ते इथेच सांगतो. ही मुले शाळेत दाखल झाली तेव्हा वडिलांचे नाव उकंडा लिहिताना माझा हात अडखळला. मुलांना मान मिळावा या हेतूने मी दाखल-खारीज नोंदवहीत ‘उकंडराव’ असे लिहिले. घरच्यांना विचारले नाही. हेतू चांगला होता, पण मला त्यांचे नाव सुधारण्याचा कोणताही अधिकार नव्हता आणि ते नाव सुधारण्याजोगे होते असे समजणे हीच माझी चूक होती. त्या एका प्रत्ययामुळे पुढे त्यांच्या धाकट्या मुलाच्या जातपडताळणीत हरकत निघाली होती आणि आता या प्रकरणात ती नोंद आमच्याविरुद्ध जाऊ शकत होती.

चौथा पर्याय लांबचा आणि कष्टाचा होता : नावाला हात न लावता, नावाच्या मागे असलेल्या ज्या खुणा एकमेकांशी कधीच जुळत नाहीत त्या शोधून प्रत्येक कागद त्या खुणांना बांधायचा. आम्ही तो घेतला.

प्रत्यक्षात काय केले

आधी वंशावळ लिहिली. दोन महादेव वेगळे आहेत हे सिद्ध करायला आजोबांची नावे लागणार होती आणि ती तोंडी सांगून चालणार नव्हती. आमच्याकडे जुन्या काळी जन्म-मृत्यूची नोंद गावचा कोतवाल ठेवी. त्या कोतवाल पंजीची नक्कल तालुक्यातून मिळाली. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव नव्हते, कारण नाव तोवर ठेवलेलेच नसे. पण बापाची नोंद स्पष्ट होती : एका ठिकाणी ‘महादेव वल्द तुकाराम’, दुसऱ्या ठिकाणी ‘महादेव वल्द सीताराम’, दोन्हीपुढे ‘मुलगा’. दोन नोंदींमध्ये तीन वर्षांचे अंतर. चावडीच्या उकंडाजींच्या वडिलांच्या नावापुढे त्याआधी थोड्या थोड्या अंतराने तीन मृत्यूही लिहिलेले होते, तिन्ही वर्षाच्या आतले. ते पान वाचून दाखवताना मला थांबावे लागले. उकंडाजी मात्र शांत होते. त्यांना ते आयुष्यभर ठाऊकच होते.

त्यानंतर प्रत्येकासाठी एक ओळखपत्रक तयार केले. त्यावर स्वतःचे, वडिलांचे आणि आजोबांचे नाव, आईचे नाव, आठ अ वरील खाते क्रमांक, गट क्रमांक, मौजाचे नाव आणि जनगणनेतला सहा अंकी ग्राम संकेतांक, बँक खाते, मोबाइल क्रमांक आणि आधारचे शेवटचे चार अंक एवढेच होते. ग्राम संकेतांकाने रिठाचा प्रश्न एका झटक्यात सुटला, कारण दोन गावांचे नाव एक असले तरी संकेतांक वेगळे असतात. पटवाऱ्यांनी दोन्ही पत्रके आपल्या दप्तराशी ताडून पाहिली आणि त्यावर सही-शिक्का दिला. त्यांनी हे काम कोणताही आडमुठेपणा न करता केले, हे नोंदवले पाहिजे.

दोघांचे संयुक्त निवेदन तयार करायचे की वेगवेगळे, यावर आमच्यात वाद झाला. वेगळे अर्ज दोन टेबलांवर जातील आणि एकाचे काम होऊन दुसऱ्याचे राहील, या भीतीने आम्ही एकच निवेदन केले. ‘आम्ही दोघे एकाच नावाचे, परंतु भिन्न व्यक्ती आहोत’ हे त्याचे पहिले वाक्य होते. दोन्ही वृद्ध ते निवेदन घेऊन जुलैमध्ये एकत्रच बँकेत आणि तहसीलमध्ये गेले. याचा जो परिणाम झाला तो आम्हाला अपेक्षित नव्हता. कागदावर जे समजावून सांगायला अर्धा तास लागला असता, ते दोन माणसे शेजारी उभी राहिल्यावर समोरच्याला पाहताक्षणी कळले.

बँकेने आधार दुरुस्त केला आणि सप्टेंबरमध्ये नाल्याच्या उकंडाजींना अंगठ्यासाठी बोलावले. दोन दिवस अंगठा उमटलाच नाही. सरकी टोचणे, निंदण, वेचणी यात बोटे इतकी झिजली होती की यंत्राला रेषा मिळत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताचे मधले बोट लागले.

आधारवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्येही चूक होती. चावडीच्या उकंडाजींचे नाव इंग्रजीतून मराठीत उतरताना ‘उकंदा’ झाले होते. आधारमध्ये नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून आम्ही घाई केली नाही. सातबाऱ्यावरचे अक्षर आणि बँकेतले अक्षर आधी एक करून घेतले आणि मगच आधार केंद्रात गेलो.

पीएम किसानच्या १०,००० रुपयांबाबत निर्णय सोपा नव्हता. चावडीच्या उकंडाजींची इच्छा होती की पाच माणसांसमोर पैसे सरळ दुसऱ्या उकंडाजींच्या हातावर ठेवावेत. गावाच्या न्यायाने ते अगदी योग्य होते. पण तसे केले असते तर दप्तरी नाल्याच्या उकंडाजींना पैसे मिळाल्याची नोंद चुकीच्या खात्यासह तशीच राहिली असती. आम्ही रक्कम तहसीलमार्फत शासनाकडे परत भरण्याचा आणि खाते क्रमांक दुरुस्त करून घेण्याचा मार्ग निवडला. मी तो आग्रहाने सुचवला आणि त्याचे फळ काय झाले ते पुढे सांगतो.

पावसाच्या ९,६०० रुपयांत उलटे केले. ती यादी बंद झाली आहे, आता त्यात बदल होणार नाही, असे तालुक्यातून कळले. तेव्हा नाल्याच्या उकंडाजींनी ती रक्कम ताईंना तीन वेळा मिळून रोख दिली. शेवटचा हिस्सा तूर विकल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये. ताईंनी पहिल्या वेळी घ्यायला नकार दिला. “तुमची काय चूक आहे, काकाजी?” असे त्या म्हणाल्या. ते त्यांच्या दारातून हलले नाहीत.

परिणाम

नोव्हेंबर २०२० मध्ये नाल्याच्या उकंडाजींचे कर्जखाते शून्य झाले. पेरणीचा हंगाम मात्र हातचा गेला होता आणि त्या वर्षी त्यांनी खासगी व्याजाने पैसे उचलून बियाणे घेतले. योजनेत मिळालेल्या दिलाशाचा काही भाग त्या व्याजात गेला. प्रामाणिकपणे निवडलेल्या लांबच्या रस्त्याची ही किंमत होती आणि ती ज्याने मोजली तो माणूस मी नव्हतो, याची मला जाणीव आहे.

पीएम किसानचे हप्ते पुढे योग्य खात्यात येऊ लागले. परत भरलेले जुने पाच हप्ते मात्र नाल्याच्या उकंडाजींना आजतागायत मिळालेले नाहीत. चावडीच्या उकंडाजींनी पैसे परत केले, सरकारी तिजोरीत ते पोहोचले, आणि ज्याचे होते त्याच्यापर्यंत परत आले नाहीत.

तिसऱ्या, दिवंगत उकंडांच्या वारसांनी हा सारा प्रकार पाहून वारस फेरफारासाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. उकंडीबाईंच्या पासबुकावर आता ‘उकंडी’ असे नीट छापले आहे.

काय वेगळे करता आले असते

चार वर्षांनी मागे वळून पाहताना मला वाटते की कर्जमाफी आणि पीएम किसान ही दोन कामे आम्ही एकाच वेळी, एकाच निवेदनात घालायला नको होती. कर्जाच्या कामाला पेरणीची मुदत होती, दुसऱ्या कामाला नव्हती. बँकेतली आधार दुरुस्ती आधी आणि स्वतंत्र मागितली असती, तर कदाचित खरिपापूर्वी ती झाली असती. नीटनेटकेपणाच्या हट्टात आम्ही तातडीचे काम थांबवले.

१०,००० रुपये परत भरण्यापूर्वी ते पुन्हा योग्य लाभार्थ्याला कधी व कसे मिळतील, याचे उत्तर तहसीलमधून लेखी घ्यायला हवे होते. आम्ही तोंडी आश्वासनावर विसंबलो. आज तसाच प्रसंग आला, तर मी आधी ते लेखी मागेन आणि उत्तर येईपर्यंत रक्कम परत भरू देणार नाही.

पंचनाम्याच्या वेळी गावातल्या एकाने जरी ‘हे नाव वावराचे आहे, माणसाचे नाही’ असे म्हटले असते तर पुढचे टळले असते. पण आम्हाला ते इतके उघड वाटत होते की सांगावेसे कोणाला वाटलेच नाही. आता पंचनाम्याच्या दिवशी ग्रामपंचायतीचा एक माणूस गट क्रमांकांची यादी घेऊन सोबत फिरतो.

आणि आईच्या नावाचा रकाना. दोन्ही महादेव, दोन्ही उकंडा, आडनाव एक, पण आया दोन होत्या. आईचे नाव कागदावर असते तर पहिल्याच टेबलावर दोन माणसे दोन दिसली असती. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्राने नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आणला आहे. या दोन्ही उकंडाजींना ज्या आयांनी उकंड्यावर ठेवून परत ‘विकत’ घेऊन घरात आणले, त्यांची नावे आम्हाला त्या ओळखपत्रकासाठी प्रथमच कोणत्यातरी कागदावर लिहावी लागली. चावडीच्या उकंडाजींनी आपल्या आईचे नाव मला दोनदा वाचून दाखवायला सांगितले.

शाळेतल्या नोंदवहीबद्दलही सांगायला हवे. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत शिक्षण विभागाच्या परवानगीशिवाय बदल करता येत नाही. मी निवृत्त असल्याने अर्ज त्या मुलांनीच करायला हवा. धाकट्याने तो केला आहे. मोठा म्हणाला, “असू द्या गुरुजी, नोकरीत सगळीकडे आता तेच लागलं आहे.” त्यामुळे एका भावाच्या वडिलांचे नाव उकंडा होण्याच्या मार्गावर आहे आणि दुसऱ्याच्या वडिलांचे उकंडराव, माझ्या अक्षरात, तसेच आहे.